गर्भाशयांतील गांठी : एका मुक्या दुखण्याचा इतिहास

इतिहासाचा व्यासंग करणाऱ्या माणसास एक खोड जडते. ज्या गांवीं तो राहतो त्या गांवाची ओळख तो स्वाऱ्या, तह आणि सनदा यांवरूनच करून घेऊं लागतो. आमचेंही तसेंच झालें होतें. भिवंडी म्हटली कीं १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं घेतलेलें कल्याण-भिवंडीचें ठाणें आमच्या डोळ्यांपुढें येई. तालुक्यांतील वज्रेश्वरी म्हटली कीं १७३९ सालची वसईची मोहीम आणि चिमाजी अप्पांचा नवस आठवे. आणि रात्रीं यंत्रमागांचा खडखडाट कानीं पडला म्हणजे उत्तर हिंदुस्थानांतून येथें येऊन वसलेल्या मोमीन विणकरांची कथा मनांत घोळूं लागे. परंतु ज्या घरांत बसून आम्ही हे विचार करीत होतों, त्याच घरांत, एका भिंतीपलीकडे, एक दुखणें गेलीं सहा वर्षें मुकाट्यानें सोसलें जात होतें, आणि त्याची आम्हांस वार्ताही नव्हती.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पत्नीस जिन्यावर घेरी आली. रक्त तपासलें तों हिमोग्लोबिन आठाच्याही खालीं उतरलेलें. निरोगी स्त्रीच्या अंगीं तें निदान बारा असावें असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. पुढें सोनोग्राफी झाली, आणि गर्भाशयांत तीन गांठी आहेत, त्यांपैकीं मोठी कागदी लिंबाएवढी आहे, असें कळलें. ज्या पहिल्या डॉक्टरांकडे आम्ही गेलों त्यांनीं कागद पाहून दोन मिनिटांत निकाल दिला : मुलें झालीं आहेत, वय अठ्ठेचाळीस आहे, पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल. दुसऱ्या डॉक्टरीणबाई अर्धा तास बोलल्या. गांठी कर्काच्या नाहींत; आधीं रक्त भरून काढूं; पाळी जाण्याचें वय जवळ आलें आहे, तेव्हां धीर धरतां आला तर धरावा; न धरवला तर शस्त्रक्रिया आहेच, असा त्यांचा अभिप्राय पडला.

घरीं परततांना पत्नी म्हणाली, "अहो, माझ्या आईलाही हेंच होतं. महिन्याचे आठ-आठ दिवस ती भिंतीला टेकून बसायची. बाईच्या जन्माला हें असायचंच, म्हणायची. तिला नांव ठाऊक नव्हतं एवढंच."

या एका वाक्यानें आमच्या इतिहासज्ञानास लाज आणली. ज्या व्यथेनें कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांना भिंतीस टेकून बसविलें तिचा कांहींच इतिहास नसेल काय? आमच्या आधींच्या लोकांना तिच्याविषयीं काय ठाऊक होतें, त्यांनीं काय उपाय केले, आणि आहार व व्यायाम यांवर त्यांचा जो भरंवसा होता तो कितपत खरा होता? पुढील मजकूर या शोधाचें फळ आहे. आम्ही वैद्य नाहीं. इतिहासाचे शिक्षक आहों. तेव्हां वाचकांनीं येथें औषधाची चिठ्ठी शोधूं नये, पूर्वपीठिका तेवढी शोधावी.

आपल्या जुन्या वैद्यकांत 'गुल्म' नांवाचा एक रोग सांगितला आहे. गुल्म म्हणजे मूळचें झुडूप किंवा जाळी. पोटांत कांहींतरी गोळा होऊन जाळीसारखें माजतें, म्हणून हें नांव. चरकानें त्याचे पांच प्रकार मानिले. त्यांपैकीं पांचवा जो रक्तगुल्म तो स्त्रियांसच होतो, असें तो सांगतो. पाळीचें रक्त अडून राहतें, पोट वाढूं लागतें, डोहाळ्यांसारखीं लक्षणें दिसूं लागतात, आणि घरचीं माणसें गर्भ राहिला असें समजून आनंदांत असतात. परंतु गर्भाचीं गात्रें वेगवेगळीं हालतात, हा गोळा मात्र सबंधच्या सबंध हालतो, असा भेद त्या ग्रंथांत नोंदलेला आहे. आणि याहून मोठी गोष्ट ही कीं, रक्तगुल्मावर दहावा महिना उलटल्यावांचून उपचार करूं नये, असा नियम घालून दिला आहे. कारण उघड आहे. चुकून तो गर्भच असला तर औषधानें त्याचा घात व्हावयाचा. ज्या काळीं पोटाच्या आंत पाहण्याचें कोणतेंही साधन नव्हतें त्या काळीं काळालाच तपासनीस नेमण्याची ही युक्ति होती. दहा महिने उलटल्यावर स्नेहन, स्वेदन, स्निग्ध रेचन आणि पळसाच्या क्षारानें सिद्ध केलेलें तूप असे उपचार सांगितले आहेत.

हा रक्तगुल्म म्हणजेच आजची गर्भाशयाची गांठ, असें म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. आम्ही तो आवरतों. त्या एका नांवाखालीं अंडाशयाच्या गांठी, अडलेला गर्भपात, आणि आज ज्यांना फायब्रॉइड म्हणतात त्या गांठी, असें सारेंच आलें असावें. अतिरक्तस्रावास 'असृग्दर' असें निराळें नांव होतें, आणि त्याचा संबंध गुल्माशीं जोडलेला दिसत नाहीं. तथापि व्यथा ओळखीची होती, तिचें वर्णन झालें होतें, आणि तिच्यावर उपचार करण्यापूर्वीं थांबावें कसें हें शास्त्रानें शिकविलें होतें, एवढें श्रेय पूर्वजांस देण्यास हरकत नाहीं.

युरोपांतही पुष्कळ शतकें याहून फारसें निराळें नव्हतें. मृत स्त्रियांच्या गर्भाशयांत सांपडणाऱ्या कठीण गोळ्यांना तेथील जुने वैद्य दगड समजत. १७९३ सालीं लंडनच्या मॅथ्यू बेली यानें रोगांनीं बिघडलेल्या अवयवांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत या गांठींचें नीट वर्णन आलें. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन पंडित रूडोल्फ व्हिर्खो यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्या गर्भाशयाच्याच स्नायूंपासून बनतात असें दाखविलें. म्हणजे ही गांठ बाहेरून आलेला शत्रु नव्हे. घरच्याच माणसानें मर्यादा सोडून केलेली वाढ होय. हजारांतून एखादीही कर्काची निघणें दुर्मिळ, हें आज निश्चित झालें आहे.

परंतु रोग कळला म्हणून उपाय सांपडला असें होत नाहीं. १८४४ च्या सुमारास अमेरिकेंतील ॲटली बंधूंनीं गर्भाशय तसाच ठेवून केवळ गांठ काढण्याचें धाडस केलें, आणि त्यांच्यावर समव्यवसायी मंडळी तुटून पडली. १८५३ सालीं मॅसॅच्युसेट्समधील लोवेल गांवीं वॉल्टर बर्नहॅम हा अंडाशयाची गांठ काढावयास गेला असतां क्लोरोफॉर्मच्या गुंगींत रुग्णेस उलटी झाली, त्या जोरासरशीं गांठींनीं भरलेला गर्भाशयच जखमेंतून बाहेर पडला, तो आंत जाईना, तेव्हां नाइलाजानें त्यानें तो कापून काढला. बाई वांचली! पोट उघडून गर्भाशय काढण्याची जी शस्त्रक्रिया आज गांवोगांवीं होते तिचें पहिलें यश असें अपघातानें पदरीं पडलें. पुढें त्याच्या हातून झालेल्या तशाच शस्त्रक्रियांत बहुतेक बायका दगावल्या, ही गोष्टही विसरतां कामा नये. लिस्टरनें १८६७ सालीं जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धति प्रसिद्ध केली, आणि त्यानंतरच हें शस्त्र हळूहळू निर्भय झालें. मध्यंतरीं पॅरिसच्या अपोस्तोली यानें विजेचा प्रवाह सोडून गांठी विरघळविण्याचा प्रयोग केला. पुढें क्ष-किरणांचाही झाला. प्रत्येक युगास आपलें नवें यंत्र या दुखण्यावर चालवून पाहण्याची हौस असते, असें या इतिहासावरून दिसतें.

आतां आमच्या पायांखालच्या भूमीकडे येऊं. भिवंडीहून खाडी ओलांडली कीं तीनचार कोसांवर कल्याण. तेथील जोशांच्या घराण्यांत १८६५ सालीं यमुना नांवाची मुलगी जन्मली. तीच पुढें डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून जगास ठाऊक झाली. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें. योग्य उपचार मिळाले असते तर तें वांचतें, ही टोंचणी तिच्या मनास लागली. १८८३ सालीं श्रीरामपूर येथें व्याख्यान देऊन तिनें आपण अमेरिकेस कां जातों हें सांगितलें. हिंदी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढें आपलें दुखणें उघड करण्यास संकोचतात, म्हणून या देशास स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, हा तिच्या सांगण्याचा गाभा होता. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत १८८६ सालीं तिनें पदवी घेतली. तिच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या फिलाडेल्फियांत धाकट्या ॲटलीनें आपल्या शस्त्रक्रियांसाठीं शिव्याशाप खाल्ले, त्याच शहरांत कल्याणची ही ब्राह्मण मुलगी आपल्या जुन्या ग्रंथांतील स्त्रीवैद्यक पाश्चात्त्यांपुढें मांडीत होती! परंतु क्षयानें ग्रासलेली ती स्वदेशीं परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारली. एकाही हिंदी भगिनीची नाडी दवाखान्यांत बसून पाहण्याचें तिच्या दैवीं नव्हतें.

तरीही काळ तिच्या बाजूचा होता. १८८५ सालीं स्त्रियांच्या वैद्यकीय साह्यासाठीं लेडी डफरिन यांचा फंड निघाला. १८८६ सालीं मुंबईस कामा रुग्णालय उघडलें व तेथें एडिथ पीची या बाईंनीं स्त्रियांना स्त्रियांकडून उपचार मिळवून दिले. बालपणीं झालेला विवाह नाकारून कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या रखमाबाईंनीं लंडनला वैद्यकी शिकून सुरत व राजकोट येथें स्त्रियांच्या दवाखान्यांत आयुष्य वेंचलें. हें सर्व आम्ही कां सांगतों? कारण गर्भाशयाच्या गांठीचा आपल्याकडील खरा इतिहास गांठीचा नाहीं, संकोचाचा आहे. शस्त्र आलें, औषध आलें. पण दुखणें सांगणारें तोंडच उघडेना, तर शास्त्र काय करणार? १९२७ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें. त्यांतील मजकुराबद्दल त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. परंतु १९५३ सालीं मरण येईपर्यंत त्यांनीं तें चालविलें. शरीराच्या ज्या भागाचें नांव घेणें अश्लील, त्याचें दुखणें सांगणें कसें सभ्य ठरावें? आमच्या सासूबाई 'बाईच्या जन्माला हें असायचंच' म्हणाल्या, त्यामागें हीं सारीं वर्षें उभीं आहेत.

आहाराकडे वळूं. या प्रकरणांत एक नांव मुंबईकरांनीं कृतज्ञतेनें घ्यावें असें आहे : लूसी विल्स. ही इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आली, तेव्हां गिरणगांवांतील गर्भवती स्त्रियांत एका प्रकारचा भयंकर पांडुरोग पसरला होता. तिनें त्यांचीं ताटें तपासलीं. ज्यांच्या ताटांत भाजीपाला, फळें व दूध हीं फार थोडीं, त्यांच्यांत रोग अधिक. गरीब मुसलमान स्त्रियांची स्थिति सर्वांत वाईट, असें तिला आढळलें. पुढें माकडांवर व मग रुग्णांवर प्रयोग करून यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारांत मिळणारें स्वस्त मार्माइट, दिल्यानें रक्त भरून येतें हें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें, व आज जगभर गर्भवतींस तें दिलें जातें. हा पांडुरोग आणि गांठीमुळें रक्त जाऊन होणारा पांडुरोग एक नव्हेत. दुसऱ्यांत मुख्यतः लोह कमी पडतें. परंतु स्त्री अशक्त झाली तर आधीं तिच्या ताटांत पाहा, हा लूसीबाईंचा धडा दोहोंसही सारखाच लागू आहे.

आणि ताटांत पाहिलें म्हणजे काय दिसतें? आमच्याच घरचें सांगतों, म्हणजे कोणास राग यावयास नको. सर्वांना वाढून झाल्यावर शेवटीं बसणारी गृहिणी. उरलेला भात, आमटीचें पाणी, भाजी संपलेली. आणि त्यावर लागलीच कपभर चहा. त्या चहांतील द्रव्यें अन्नांतलें लोह शरीरास घेऊं देत नाहींत, हें आम्हांस डॉक्टरीणबाईंनीं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतें. भिवंडीच्या गल्ल्यांत पहाटेपासून मागाच्या कांड्या भरणाऱ्या बायका चहा-पावावर दुपार करतात. त्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. याउलट आपल्याच जुन्या स्वयंपाकघरांत लोहाचा सांठा भरपूर होता : नाचणीची भाकरी, बाजरी, अळीवाची खीर, तीळ, चवळीची व माठाची पालेभाजी, शेवग्याचा पाला, कडधान्यें, शिवाय जे मासमच्छी खातात त्यांना कालेजी आणि सुकें मासळ. वर लिंबू पिळलें किंवा आंवळा खाल्ला म्हणजे भाजींतलें लोह अंगीं लागण्यास साह्य होतें. हें सारें बाळंतिणीसाठीं राखून ठेवलें गेलें आणि पंचेचाळिशींतील स्त्रीच्या वांट्यास कांहींच राहिलें नाहीं, एवढीच चूक झाली.

परंतु अन्नानें गांठ विरघळते काय? येथें प्रामाणिक राहिलें पाहिजे. १९९९ सालीं इटलींतील संशोधकांनीं गांठी असलेल्या ८४३ व नसलेल्या १,५५७ स्त्रियांच्या आहाराची तुलना केली. गाय-बैलाचें मांस व डुकराचें खारविलेलें मांस अधिक खाणाऱ्यांत गांठी अधिक, हिरव्या भाज्या, फळें व मासे खाणाऱ्यांत कमी, असें त्यांना दिसलें. २०१३ सालीं वॉशिंग्टन शहरांतील स्त्रियांच्या पाहणींत ज्यांच्या रक्तांत ड जीवनसत्त्व पुरेसें होतें त्यांच्यांत गांठी कमी आढळल्या. परंतु एक गोष्ट दुसरीबरोबर आढळली म्हणजे ती तिचें कारणच आहे, असें तर्कशास्त्र म्हणत नाहीं. आणि एकदां वाढलेली गांठ पालेभाजीनें नाहींशी झाली असें तर कोणीच सिद्ध केलेलें नाहीं. अमुक रस महिनाभर प्या, गांठ गळून पडेल, असें सांगणाऱ्यांपासून दूर राहावें. आहारानें रक्त टिकतें, मलावरोध कमी होऊन ओटीपोटावरचा ताण हलका होतो, वजन आटोक्यांत राहतें. हें पुष्कळ आहे. पण एवढेंच आहे. शिवाय रक्त फार उतरलें असतां केवळ अन्नानें तें वेळेवर भरून येत नाहीं. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात, हेंही आम्हीं अनुभवानें शिकलें.

व्यायामाचा इतिहास महाराष्ट्रास विशेष अभिमानाचा आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचें व्रतच घेतलें होतें, आणि तें पुरुषांपुरतें ठेविलें नाहीं. राजवाड्यांतील स्त्रिया नमस्कार घालीत, संस्थानच्या शाळांतून मुलींना ते शिकविले जात. आणि ज्या काळीं स्त्रीनें धापा टाकणें अशोभनीय समजलें जाई त्या काळीं हें लहान धैर्य नव्हतें. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनें व बंध यांची क्ष-किरणादि यंत्रांनीं परीक्षा आरंभिली, आणि योगास प्रयोगशाळेंत आणून बसविलें. पुढें पुण्यास बी. के. एस. अय्यंगार यांच्या कन्या गीताबाई यांनीं स्त्रियांच्या पाळीच्या दिवसांत, गर्भारपणांत व पाळी जाण्याच्या वयांत कोणतीं आसनें करावीं व कोणतीं टाळावीं याचा पद्धतशीर विचार करून ग्रंथ लिहिला.

या थोर मंडळींच्याही आधीं आपल्या बायकांना व्यायाम होता. त्याला त्या व्यायाम म्हणत नसत एवढेंच. जातें, उखळ, विहिरीचा रहाट; आणि वर्षांतून एकदां कां होईना, मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा, फुगड्या आणि पिंगा. जात्याचे कष्ट परत यावेत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांनीं ते उपसले त्यांना विचारा. परंतु जातें गेलें आणि त्याच्या जागीं कांहींच आलें नाहीं, हेंही खरें. या गांठी स्त्रीच्या शरीरांतील संप्रेरकांवर पोसतात. म्हणूनच पाळी गेल्यावर त्या बहुधा आपोआप आकसतात. शरीरांतील चरबींतही त्यांपैकीं एक संप्रेरक तयार होतें. तेव्हां नित्य चालण्यानें वजन आटोक्यांत राहिलें तर गांठीचें एक खाद्य कमी होईल, असें मानण्यास आधार आहे. कंबरेची ओढ, पायांतील जडपणा आणि मनाची उदासी यांना तर चालण्यानें उतार पडतोच.

शेकाचेंही असेंच आहे. भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं अकलोली व गणेशपुरी येथें उन्हाळीं आहेत. वसई पडली तर किल्ल्यासारखें देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पांनीं वज्रेश्वरीस नवस केला होता असें सांगतात. तेव्हांपासून देवीच्या दर्शनास येणाऱ्या लेकीसुना त्या कढत पाण्यांत स्नान करून कंबर मोकळी करून घेत आल्या आहेत. गरम पाण्यानें स्नायूंची पेटक सुटते, वेदना निवते, हें आजचें शास्त्रही मान्य करतें. घरची रबरी पिशवी तेंच काम करते. गांठ मात्र तेथली तेथेंच राहते. आणि स्राव फार होत असतां अशक्त स्त्रीनें कढत कुंडांत उतरूं नये, कारण भोंवळ येण्याचें भय असतें.

आतां या इतिहासाच्या त्या भागाकडे वळावें लागतें कीं ज्यासाठीं आम्ही खरोखर लेखणी उचलली. शस्त्रक्रिया निर्भय झाली तशी ती सोपी झाली. आणि सोपी झाली तशी ती स्वस्त विचाराची झाली. याविरुद्ध जे थोर शस्त्रवैद्य उभे राहिले त्यांत लंडनचा व्हिक्टर बॉनी अग्रगण्य. गर्भाशय काढण्याऐवजीं गांठी तेवढ्या सोलून काढाव्यात, मग त्या कितीही असोत, असा त्याचा आग्रह. आणि तो त्यानें जन्मभर हातानें खरा करून दाखविला. मुंबईंत गोमंतकाचे सुपुत्र डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं अवेळीं होणारे गर्भपात थांबविणारा जो टांका शोधिला तो त्यांच्या नांवानें जगभर घातला जातो. अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रियांचा गर्भाशय न काढतां तो वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रियाही त्यांनीं व डॉ. पुरंदरे यांनीं बसविल्या. म्हणजे अवयव राखण्याची विद्या आमच्या मुंबईंत रुजली होती.

आणि त्याच महाराष्ट्रांत २०१९ सालीं बीड जिल्ह्याची बातमी आली. ऊसतोडणीस जाणाऱ्या बायकांचीं गर्भाशयें तरुण वयांतच काढलीं जात असल्याचा बोभाटा झाला; नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली; ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचें उघडकीस आलें! त्यांत गांठीचें कारण किती खरें, कर्काचें भय किती घातलेलें, आणि पाळीच्या दिवसांतील खाडा परवडत नाहीं हें कारण किती, याचा हिशेब वाचकांनींच आपल्या मनाशीं करावा. शेताच्या कडेला शौचकूप नाहीं, पाणी नाहीं, एक दिवसाची रजा नाहीं. तेव्हां बाईच्या शरीरांतील अवयवच कमी करून टाकणें हा उपाय सर्वांस सोपा वाटला. बर्नहॅमच्या हातून जें नाइलाजानें झालें तें आपल्याकडे सोयीनें होऊं लागलें. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अनावश्यक शस्त्रक्रियांस आळा घालणारीं केंद्र सरकारचीं मार्गदर्शक तत्त्वें सर्व राज्यांनीं अमलांत आणावींत असा आदेश दिला.

याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट, असा कोणीं करूं नये. कांहीं स्त्रियांस ती जीवदान असते, आणि तिला भिऊन वर्षानुवर्षें रक्त गमावणें हाही आत्मघातच. आज वाटाही पुष्कळ आहेत : स्राव कमी करणारीं औषधें आहेत, गर्भाशयांत बसविण्याचें संप्रेरकयुक्त साधन आहे, दुर्बिणीनें गांठ काढतां येते, आणि १९९५ सालीं पॅरिसच्या राविना यानें प्रसिद्ध केलेली, गांठीचा रक्तपुरवठा बंद करून तिला सुकविण्याची रीतिही आहे. पाळी गेल्यावर गांठ वाढूं लागली, अथवा पुनः रक्त दिसलें, तर क्षणभरही धीर धरूं नये. धीर धरणें आणि दुर्लक्ष करणें यांतील भेद प्राचीन वैद्यांस कळत होता; दहा महिने थांबा म्हणणारा ग्रंथ अकराव्यांत काय करावें हेंही सांगतो.

आमच्या घरचें म्हणाल, तर दहा महिने होत आले. गोळ्या चालू आहेत. ताटांत नाचणी व पालेभाजी आली आहे, आणि चहा जेवणापासून दूर गेला आहे. जेवावयास आतां सर्वजण एकदमच बसतों. हा सुधारणेचा भाग सर्वांत कठीण गेला, आणि तो कठीण जावा याचेंच आम्हांस आश्चर्य वाटतें. सायंकाळीं आम्ही उभयतां अर्धा-पाऊण तास चालावयास जातों. भिवंडीच्या रस्त्यांवरून, मालमोटारी चुकवीत, चालणें हें कांहीं काव्यमय नव्हे. पण त्या वेळांत गेल्या पंचवीस वर्षांत झालें नव्हतें इतकें बोलणें होतें. हिमोग्लोबिन अकराच्या घरांत आलें आहे. गांठी आहेत तेवढ्याच आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, ठीक आहे. पुढच्या तपासणीस या.

जातां जातां एक सूचना. आपल्या महाराष्ट्रांत कुलवृत्तांत छापण्याची एक चांगली चाल पडली आहे. आमच्याही कुळाचा वृत्तांत कपाटांत आहे. त्यांत कोणत्या पुरुषानें कोठें नोकरी केली, कोणास कोणतें इनाम मिळालें, हें सर्व आहे. स्त्रियांचें मात्र माहेरचें नांव आणि मुलांची संख्या एवढेंच. ज्या स्त्रीच्या आईला किंवा बहिणीला गांठी होत्या तिला त्या होण्याचा संभव अधिक असतो, असें आजचें वैद्यक सांगतें. आमच्या सासूबाईंचें दुखणें कोणीं कोठें लिहून ठेविलें असतें तर त्यांच्या मुलीचीं सहा वर्षें वांचलीं असतीं. म्हणून परवां आम्हीं तो ग्रंथ काढला, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पत्नीनें आपल्या हातानें आईचें नांव, तिचें दुखणें, आणि खालीं आपलें नांव, गांठींची संख्या व तारीख लिहिली. आमची मुलगी शेजारीं उभी राहून वाचीत होती. तिनें विचारलें, "आई, आजी कितव्या वर्षापासून आजारी होती गं?" त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरांत कोणासच देतां आलें नाहीं.